हरण्या, बादल आणि शेवंतामावशी

शेवंतामावशीच्या लेखी तिचे दोन गुडघे म्हणजे एका घरात नांदणाऱ्या दोन जावा होत्या. उजवा थोरली, डावा धाकटी. सकाळी अंगण झाडायला बाहेर आली, की ती आमच्या ओट्याकडे बघून दोघींची खबर द्यायची. "थोरली आज रुसलीय गं. मंग धाकटीवर दोघींचं काम पडलं, तिनं बी तोंड वाकडं केलंय." कधी दोघी एकदम रुसायच्या. त्या दिवशी मावशी खराटा हातात घेऊन चौकटीला टेकायची आणि अंगण आता आपलं आपण झाडलं जाईल अशा नजरेनं त्याच्याकडे बघत राहायची.

पवनानगरच्या पुढचं ते गाव माझ्या आईचं माहेर. युनियनचं काम करणारे माझे वडील देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झाल्यावर आम्ही तिथं राहायला गेलो. सामानाच्या टेम्पोत भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. आठ तासांच्या कामाची पत्रकं, समान वेतनाची, धरणग्रस्तांच्या जमिनीची. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावर. त्यामुळे कुठंही गेलं की मला आधी अन्याय दिसतो आणि मग बाकीचं घर. शेजारच्या घरातला अन्याय शोधायला फार वेळ लागला नाही. तो गोठ्यातच होता.

गोठ्यात हरण्या आणि बादल होते. मावशीचे मालक, म्हणजे गावाचे आबा, शर्यतीचा गाडा राखून होते. माघ सरला, धरणाचं पाणी उतरायला लागलं, काटेसावरीवर लाल फुलं आली, की आमच्या भागात एकेका गावाच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हटली की घाटात, म्हणजे शर्यतीसाठी आखलेल्या चढावर, बैलगाड्याची शर्यत. या दिवसांत आबांचं सगळं लक्ष गोठ्यात असायचं. पहाटे बैलांना धरणाच्या रस्त्यानं चालवून आणायचं. ऊन चढायच्या आत पाण्यात पोहवायचं. मग खरारा, मग तेल. दुपारी आंब्याच्या सावलीला सक्तीची विश्रांती, त्या वेळी त्या बाजूला कुणी मोठ्यानं बोललेलंही त्यांना खपायचं नाही. संध्याकाळी भिजवलेले हरभरे, उडदाचं पीठ, दूध, अंडी. बादलनं जरा कमी खाल्लं तर आबा स्वतः जेवायचे नाहीत.

आणि मावशी? मावशी उभ्यानं चहा प्यायची. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेलं जेवायची. दुपारी पाठ टेकल्याचं तिला आठवत नव्हतं.

आपल्याकडे बाईच्या शरीराला खुराक मिळतो तो बाळंतपणात. डिंकाचे लाडू, शेक, तेल, सगळं. तेही बाळासाठी. ते दिवस संपले की त्या शरीराचं अवजार होतं, आणि खरं तर अवजारालासुद्धा लोक वंगण घालतात. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मी पत्रक लिहिलं ते बैलांवर. शर्यत म्हणजे मुक्या जनावराच्या जिवावर मालकाची मिरवणूक, असं खणखणीत लिहिलं आणि वाचून दाखवायला मावशीकडे गेले. ती शेंगा फोडत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"ब्येस लिवलंय," ती म्हणाली. "पर ह्यात बैलच लय झालं, पत्रकवाले. माजं कुटं हाय?"

त्या दिवसापासून मी तिच्यासाठी पत्रकवाली झाले.

गुडघ्यांपेक्षा तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. गावामागच्या टेकडीवर देवीचं ठाणं आहे. चैत्रातल्या जत्रेच्या सकाळी घराघरातल्या बाया डोक्यावर निवदाची पाटी घेऊन टेकडी चढतात. ज्यांना चढवत नाही त्या म्हाताऱ्या खाली पहिल्या पायरीशी बसतात आणि वर गेलेल्यांच्या चपला राखतात. गेली काही वर्षं मावशी त्या बायांत बसत होती. तिची सून रेश्मा पाटी घेऊन वर जायची.

"सारा गाव माज्याम्होरं चपला काढून वर जातो," ती मला म्हणाली होती. "कोन म्हनतं, मावशी, माजी नवी हाय, नीट बग. मी काय कुत्रं हाय राखनीला?" मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, "यंदा निवद मीच नेनार. न्हाई जमलं, तर मंग समजायचं, आता कायमचं खालीच."

म्हणून ती कामशेतच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला तयार झाली. रेश्माला सवड नव्हती, मी सोबत गेले. बाईंनी गुडघे दाबून पाहिले, रक्त तपासायला लावलं आणि म्हणाल्या, "मावशी, गुडघे झिजलेत, पण अगदी गेलेले नाहीत. वजन आणि साखर खाली आणा. रोज सकाळी सपाट रस्त्यानं चाला. पोहता येतं?"

"नदीकाठची हाय मी."

"मग पोहा. पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही. तेलानं चोळून घ्या, शेक घ्या. वेळच्या वेळी जेवा. आणि दुपारी जरा आडव्या होत जा."

ऐकता ऐकता मावशीला हसू फुटलं. पदर तोंडाला लावूनही थांबेना. "बाई, ह्ये समदं आमच्या घरी हाय," ती म्हणाली. "पर त्ये बैलांना हाय."

"मग घ्या की त्यांच्यातलं थोडं."

डॉक्टरीणबाईंनी हे गमतीनं म्हटलं होतं. मावशीनं ते औषधासारखं घरी आणलं.

त्याच संध्याकाळी आबा ओट्यावर जेवायला बसले असताना तिनं जाहीर केलं, "अवो, उद्यापासनं मी बी येनार बैलांसंगं."

"कुटं?"

"कुटं म्हंजे? त्ये जातील तितं."

"अगं, लोक काय म्हनतील?"

"म्हनतील, आबानं तिसरा बैल घेतला."

आबांचा घास हातातच राहिला. रेश्मा आत पळाली, तिचं हसणं आमच्या घरापर्यंत ऐकू आलं.

दुसऱ्या दिवसापासून धरणाच्या रस्त्यानं ही वरात निघायला लागली. पुढे हरण्या, मागे बादल, दोघांचे कासरे धरून आबा, आणि त्यांच्यामागे कासोटा खोचलेली, पायात मुलाचे जुने बूट घातलेली शेवंतामावशी. ती हळू चालायची. पहिल्या दिवशी पुलापर्यंतच पोचली, आणि आबा बैल घेऊन परत येईपर्यंत दगडावर बसून होती. पण पुढच्या आठवड्यात दगड मागे पडला. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या, त्यांचा वास घेत ती वाटेत कुणाच्या म्हशीची, कुणाच्या जावयाची चौकशी करत जायची. चालणं तिला व्यायाम वाटलंच नाही. वर्षानुवर्षं घरात अडकून राहिल्यानं हुकलेल्या बातम्या ती गोळा करत होती.

पाण्याकाठी तंबू ठोकून राहिलेली पुण्या-मुंबईची मंडळी कानात वायरी घालून धावताना भेटायची. त्यातल्या एकानं थांबून विचारलं, "आजी, हे बैल फोटोसाठी भाड्यानं मिळतात का?"

"बैल न्हाई मिळत," मावशी म्हणाली. "मी मिळते. काढा."

त्यानं खरोखरच काढला. तिनं कमरेवर हात ठेवून, हरण्याच्या शेजारी ताठ उभं राहून काढून घेतला.

पाण्यात मात्र आबा घाबरले. बैलाला पोहवताना एक लांब कासरा काठावरून धरून ठेवतात. मावशी लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात शिरली तेव्हा आबा काठावरून ओरडायला लागले. ती वळली आणि म्हणाली, "वरडताय कशाला? त्येला जसा कासरा बांदलाय तसा मला बांदा, आन गप ऱ्हावा." आबांनी बांधला. काठावर दोन कासरे धरलेला माणूस आणि पाण्यात बैलाचं आणि बाईचं डोकं शेजारी शेजारी, असं ते दृश्य होतं. बाहेर आल्यावर ती थरथरत होती, पण चेहरा लहान पोरीसारखा झाला होता. "पान्यात दोगी जावा बोलत न्हाईत गं," ती मला म्हणाली. "यकदम शानत."

एक चूक मात्र तिनं केली, आणि ती आबांच्या भरघोस संमतीनं केली. सगळं बैलाचं घ्यायचं तर खुराकही घ्यायचा, असं दोघांनी ठरवलं. आबा हौसेनं तिच्यासाठी वेगळी वाटी काढायचे. उडदाच्या पिठाचा तुपातला लाडू, वर गूळ, वर दूध. आबांना खुराक खाणारं तिसरं माणूस घरात मिळालं होतं, त्यांचा उत्साह मावत नव्हता. पुढच्या तपासणीला साखर खाली यायच्या ऐवजी वर चढली.

"मावशी, खाताय तरी काय?" डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

उत्तर आबांनी दिलं. छाती काढून दिलं. "आमच्या खुराकात काय खोट न्हाई बाई. ह्यावर बादलनं घाट मारलाय."

"आबा, त्यांना घाट मारायचा नाहीये. त्यांना साखर उतरवायची आहे."

परतीच्या जीपमध्ये दोघं दोन बाजूंना तोंड करून बसली. घर आल्यावर मावशीनं तह केला. चाल, पाणी, तेल आणि झोप बैलाची. खाणं डॉक्टरीणबाईंचं. त्या रात्रीपासून तिच्या ताटात निम्मी भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि काकडी आली, आणि उरलेले लाडू हरण्याच्या पोटात गेले.

सगळ्यात अवघड गेली ती दुपारची झोप. चालणं लोकांनी पचवलं, पोहणंही पचवलं. पण धडधाकट बाई भर दुपारी आंब्याखाली घोंगडी टाकून पडलीय, हे कुणाला पचेना. येणारी-जाणारी थांबायची आणि काळजीच्या आवाजात विचारायची, "मावशी, बरं न्हाई का?"

"बरं हाय म्हनून पडलेय," मावशी डोळे मिटूनच म्हणायची.

हे वाक्य मी खूप पत्रकांत शोधलं असतं तरी मला मिळालं नसतं. आजारी पडल्याशिवाय बाईला आडवं व्हायची परवानगी नसते, आणि ही बाई कुणाला न विचारता रोज ती घेत होती. काही दिवसांनी घोंगडीवर रेश्माही दिसायला लागली. आधी ती नुसती टेकून बसायची, फोन बघण्याचं निमित्त करून. "तो फोन ठिव आन पाय लांब कर," सासूनं तिला दटावलं. "तुजं बी गुडगं हायतच की."

तेलाचा प्रसंग मी आमच्या ओट्यावरून पाहिला. संध्याकाळी आबा गोठ्यासमोर बसून बादलच्या पायांना तेल चोळत होते. मावशी आली, शेजारच्या दगडावर बसली आणि लुगडं गुडघ्यापर्यंत सारून पाय पुढे केला. आबांनी मान वर केली.

"काय गं?"

"ह्यो बी पायच हाय."

आबांनी रस्त्याकडे बघितलं. मग आमच्या ओट्याकडे. मी पुस्तकात मान घातली. पुन्हा बघितलं तेव्हा ते तिचा गुडघा चोळत होते. बैलाचा चोळतात तसाच, वरून खाली, तळव्याच्या उशीनं, तोंडानं तोच हलका आवाज करत. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती. एवढ्या वर्षांच्या संसारात बहुधा पहिल्यांदाच घडणारी ती गोष्ट दोघंही जणू नेहमीचीच असल्यासारखी करत होती.

असं करत चैत्र उजाडला, आणि जत्रेचा आदला दिवस आला. शर्यतीच्या आदल्या दिवशी बैलाला कुणी हात लावत नाही. जुंपणं नाही, चालवणं नाही, ऊनसुद्धा नाही. आबांचा हा नियम गावात कडक मानला जायचा. आणि घरातल्या बाईसाठी हाच दिवस सगळ्यात राबणुकीचा. पाहुणे सकाळपासून यायला लागतात, त्यांना पुरणपोळी हवी असते, आणि चुलीपुढचा पाट दिवस मावळेपर्यंत सुटत नाही.

मावशी सकाळीच घोंगडी घेऊन आंब्याखाली जाऊन पडली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग तिची नणंद आली, तिनं बॅग ठेवली आणि विचारलं, "वैनी कुटं हाय?" रेश्मानं अंगणाकडे बोट दाखवलं. नणंदबाई तरातरा गेल्या. "वैनी! पावनं दारात आन तू हितं?"

"वन्सं, उद्या मला टेकडी चडायचीय. आज मी जुपनार न्हाई."

घरात एकच गोंधळ उडाला. शेवटी आबांना बोलावलं. आबा आले, घोंगडीपाशी उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"अगं, मानसं आल्यात. काय म्हनतील?"

"मंग हरन्याला जुपा की गाडीला. आना पानी त्येच्याकडनं."

"आज? त्येला कसा जुपायचा आज?"

"मला कसं जुपायचं?"

  आबांच्या तोंडावर राग आला होता, तो मी बघितला. तो कुठं जाईल ते मला कळेना. ते वळले, घरात गेले आणि आतून त्यांचा आवाज आला, "आरं, मोटं पातेलं काडा. घाटावर गेल्यावर आपून शिजवतोच का न्हाई? मंग हितं काय हात मोडल्यात?"

त्या दिवशी गाड्याबरोबरच्या गड्यांनी अंगणात दगडांची चूल मांडली आणि पाहुण्यांना आमटी-भात घातला. आमटी इतकी तिखट होती की नणंदबाईंचे डोळे वाहत होते, पण त्यांनी दोनदा घेतली. रेश्मानं फक्त निवदापुरत्या पोळ्या केल्या. मावशी दिवसभर पडून होती. झोपली नव्हती. मला जवळ बोलावून म्हणाली, "एवडं समद्यांना कामाला लावलं, आन उद्या पाय उचलला न्हाई, तर काय तोंड दाखवू गं?"

जत्रेच्या सकाळी ती डोक्यावर पाटी घेऊन पहिल्या पायरीशी आली. तिथं बसलेल्या म्हाताऱ्यांनी तिच्यासाठी जागा केली. तिनं वाकून बूट काढले, त्यांच्यापुढे ठेवले आणि पायरीवर पाय ठेवला. रेश्मा आणि मी मागे होतो. आबांनी खरं तर घाटावर असायला हवं होतं, त्यांच्या गाड्याची पाळी सकाळचीच होती. "वळनापस्तोर सोडतो आन जातो," ते म्हणाले आणि तिच्या मागून चढायला लागले.

चढताना आबांच्या तोंडून सवयीनं आवाज निघत होता. "हां... हळू... सरळ... हां माझी..."

"मला हाकू नका," मावशी पुढं बघतच म्हणाली. आसपासच्या बाया हसल्या. आबा गप्प झाले, आणि चार पायऱ्यांवर पुन्हा सुरू झाले.

वळणावर चढ उभा होतो. तिथं ती थांबली. उजवा पाय तिनं उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.  मागून येणाऱ्या बाया बाजूनं पुढे निघून गेल्या. रेश्मा हळूच सासूला म्हणाली, "आत्या, द्या हिकडं, मी नेते." मावशीनं मान हलवली नाही, पाटीही दिली नाही. पुढं जाईना आणि मागं येईना.

मला काहीतरी जोरदार बोलावंसं वाटत होतं. आबांनी मला हातानंच थांबवलं. मग ते तिच्या खालच्या पायरीवर निवांत बसले आणि तंबाखूची डबी काढली. "अडला की वढायचा नसतो," ते मला पुटपुटत म्हणाले. "उबं ऱ्हाऊ द्यावं. त्येचं त्येला ठरवू द्यावं."

तेवढ्यात खालून घाटावरचा भोंगा वाजला. आबांचं नाव पुकारलं गेलं. गाडा जुंपायला घ्या, म्हणून सांगत होते. आबांच्या चुना मळणाऱ्या अंगठ्याची हालचाल थांबली.

"जावा की," मावशी वरून म्हणाली. तिचा आवाज ओढल्यासारखा येत होता.

"पोरं हाईत तितं."

"तुमी न्हाई तर बादल पळल का?"

"न्हाई पळला तर न्हाई."

ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं पाटी नीट केली आणि म्हणाली, "उठा. तंबाकू वर गेल्याव खा." आणि डावा पाय आधी टाकून, मग त्याच पायरीवर उजवा आणून, अशी एकेक पायरी करत ती वळण चढून गेली. वरपर्यंत तशीच गेली. देवीपुढे पाटी उतरवल्यावर ती ओट्यावर मांडी घालून खाली बसली, आणि मांडी घालता आली म्हणून इतकी हसली की पुजाऱ्यानं वळून बघितलं.

मला नोकरीसाठी नागपूरला जायचं होतं, आणि त्या दुपारचीच जीप गाठायची होती. मी तिच्या पाया पडले. "पाया नको पडू, दुकतील," ती म्हणाली. रेश्मा आणि मी उतरायला लागलो.

वळणावरून मी एकदा मागे बघितलं. शर्यतीकडे बघायचं नाही हे माझं तत्त्व होतं, म्हणून मी टेकडीकडेच बघत होते. खाली घाटात गलका उठला होता, म्हणजे आबांचा गाडा सुटला होता. टेकडीच्या कडेला दोघं उभी होती. आबांची नजर तेवढ्या लांब पोचत नव्हती, म्हणून मावशी कपाळावर आडवा हात धरून त्यांना शर्यत सांगत होती. आबांचा हात तिच्या खांद्यावर होता, आणि तिचा आवाज वाऱ्यावर तुटत तुटत खाली येत होता. "सुटला... म्होरं हाय... अवो, नीट पळतंय... तुमी घाबरू नका, मी बगतेय."